दगडफुलाची वारी

(पिंप्राळा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



चार दिवसांपूर्वी आषाढीला पिंप्राळ्यातून विठ्ठलाचा रथ निघाला. गर्दीत मीही होतो. रथ ओढणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण ज्यांच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला होते ते माझे शाळेतले गुरुजी मला लहानपणी सांगायचे, "मोगरीवाल्याकडे बघ." एवढा मोठा रथ वळणावर येतो, उतारावर लागतो, तेव्हा चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून त्याला जागच्या जागी धरणारा माणूस पायाशी वाकलेला असतो. रथ पुढे गेलाच पाहिजे, पण कुठे थांबायचं आणि कुठे वळायचं हे त्याच्या हातात असतं. आजच्या विषयाच्या शेवटी मी पुन्हा या मोगरीपाशी येणार आहे.

गुरुजींची दुसरी आठवण पावसाची. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला ते त्यातलं पाणी मोजत आणि वहीत लिहीत. पाऊस नसला तरी शून्य लिहीत. एकदा मी विचारलं होतं, "गुरुजी, पाऊसच नाही तर लिहायचं काय?" ते म्हणाले, "पाऊस नाही, हेच लिहायचं." मोजणी म्हणजे हुशारी नसून नेम असतो, हे मला त्या एका वाक्यानं शिकवलं. आज मी ज्या मोजणीविषयी बोलणार आहे, तीही अशीच नेमाची आहे. तीत पाण्याऐवजी दगडावरचे आणि खोडावरचे ठिपके मोजायचे आहेत.

तुमच्या घरातल्या मसाल्याच्या डब्यापासून सुरुवात करतो. खानदेशात काळा मसाला करायचा म्हटला की धने, खोबरं, तेजपान यांच्याबरोबर दगडफूल लागतंच. माझी माय ते सुपात घेऊन निवडायची. करडं, कुरकुरीत, चुरगळलेल्या कागदासारखं, खालून काळं. नुसतं हुंगलं तर फारसा वास नाही, पण कढईत तेलाचा थेंब टाकून परतलं की सगळ्या घरात तो मातीचा, धुराचा, रानाचा वास भरतो. आज येताना मी किराणा दुकानातून दहा रुपयांची पुडी आणली आहे. व्याख्यान संपल्यावर मुलांनी जवळ येऊन बघावं. भिंगातून पाहिलं तर काही तुकड्यांच्या पोटाशी सालीचे बारीक कण चिकटलेले दिसतात. म्हणजे नाव दगडफूल असलं तरी यातले बरेचसे तुकडे झाडाच्या खोडावरून आलेले आहेत. बाजारातलं पुष्कळ दगडफूल हिमालयाच्या उतारावरच्या बांज म्हणजे ओकच्या जंगलांतून गोळा होऊन येतं. आयुर्वेदात याला शैलेय म्हणतात, शिलापुष्प म्हणतात. आणि हे फूल मुळीच नाही.

मग हे आहे काय? वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला शैवाक म्हणतात, इंग्रजी शब्द लायकेन. शैवाक म्हणजे एक जीव नसून एक संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, उन्हापासून आडोसा देते. त्या घराच्या आत सूक्ष्म शैवालाच्या हिरव्या पेशी राहतात, सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि बुरशीला देतात. काही जातींत शैवालाच्या जागी नील-हरित जिवाणू असतात. हे द्वैत सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात मांडलं, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांनी ते झिडकारलं होतं. आज जगभरात शैवाकांच्या सुमारे वीस हजार जाती माहीत आहेत, भारतात अडीच हजारांहून अधिक. दगडाला रंग फासल्यासारख्या चिकटून बसणाऱ्या त्या कवचरूप, पानासारख्या कडा उचलणाऱ्या त्या पर्णरूप आणि दाढीसारख्या लोंबणाऱ्या किंवा झुडपासारख्या उभ्या राहणाऱ्या त्या झुडूपरूप. शाळेत निळा कागद आम्लात बुडवून लाल केलेला तुम्हाला आठवत असेल. तो लिटमसचा रंगही मूळचा शैवाकातूनच काढला गेला.

पावसाळ्यात भिंतीवर येणारं हिरवं, मऊ, निसरडं शेवाळ आणि हे शैवाक यांत गल्लत करू नका. शेवाळ पाऊस गेला की वाळून पडतं. शैवाक उन्हातही जागेवर असतं. जळगाव-भुसावळचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसून, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गमावून ते कोरड्या पापडासारखं पडून राहतं आणि पहिल्या सरीचं पाणी लागताच काही मिनिटांत पुन्हा श्वास घेऊ लागतं. २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रयोगात काही शैवाकं उपग्रहाबाहेर, उघड्या अवकाशात सुमारे पंधरा दिवस ठेवली. परत आल्यावर ती जिवंत होती.

एवढं चिवट असणारं हे शैवाक हवा बिघडली की मात्र लवकर मरतं. कारण त्याला मूळ नाही आणि झाडाच्या पानावर असतो तसा मेणाचा थरही नाही. जे काही हवं ते पावसातून, धुक्यातून आणि हवेतून सगळ्या अंगानं शोषून घ्यायचं, हाच त्याचा जगण्याचा मार्ग. त्यामुळे हवेत गंधकाचा वायू असला, धूळ असली, अमोनिया असला तर तेही सगळं अंगात जातं. १८६६ साली विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञानं पॅरिसमध्ये नोंदवलं की लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवर जेवढी शैवाकं आहेत तेवढी शहरात इतरत्र नाहीत. हवा किती चांगली आहे हे खोडं पाहून सांगता येतं, ही कल्पना तिथून पक्की झाली. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं या जीवांवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे. लखनौचे डॉ. धरणीधर अवस्थी यांना भारतीय शैवाकशास्त्राचे जनक मानतात. पुण्यात डॉ. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतली शैवाकं गोळा करून, ओळखून, नावानिशी मांडली. आपण मराठी माणसांनी ही नावं अभिमानानं घ्यावीत असं ते काम आहे.

आता आपल्या नदीकडे येऊ. गिरणा नाशिक जिल्ह्यात केमच्या डोंगरात उगवते. कळवण, मालेगावकडून पूर्वेला येते, वाटेत आरम, मोसम तिला मिळतात, मग चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत ती उत्तरेला वळते आणि आपल्या पिंप्राळ्याच्या पश्चिमेकडून जाऊन तापीला भेटते. उगमाकडे पाऊस खूप जास्त, आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. एकाच नदीच्या अंगावर ओलं सह्याद्री रानही आहे आणि कोरडं काळं रानही. त्यामुळे वरच्या झाडांवर पानासारखी, दाढीसारखी शैवाकं भेटतात, आणि खाली आपल्याकडे बहुतेक कवचासारखी, दगडाला घट्ट बिलगलेली.

या नदीवर माणसानं किती वेळा हात घातला ते बघा. ब्रिटिश काळातलं चणकापूर धरण, ब्रिटिश काळातलाच जामद्याचा बंधारा, आणि मग १९६९ साली नांदगाव तालुक्यात पांझणजवळ पूर्ण झालेलं गिरणा धरण, साडेएकवीस टीएमसी क्षमतेचं. शेजारी पांझरेवर तर फड पद्धतीचे दगडी बंधारे शेकडो वर्षांचे आहेत. तापीवर भुसावळजवळ एक्केचाळीस दरवाजांचं हतनूर आहे. पाण्यासाठी आपण केलेली ही धडपड आहे आणि मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. गिरणेचं आवर्तन सुटलं की आमच्या गावात पोळ्यासारखा आनंद व्हायचा. त्या पाण्याचा थेंबन्‌थेंब आपण मोजला. दलघफूमध्ये मोजला, टक्क्यांमध्ये मोजला, आजही रोज वर्तमानपत्रात वाचतो. पण त्या पाण्याखाली काय गेलं आणि धरणाखालच्या कोरड्या पात्रात काय बदललं, त्याची वही आपण कधी उघडलीच नाही.

धरणामुळे शैवाकांवर काय काय गुदरतं ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट उघड आहे. बुडीत क्षेत्रातली झाडं तोडली जातात किंवा पाण्याखाली जातात. शैवाकांच्या दृष्टीनं शंभर वर्षांचा आंबा आणि दहा वर्षांचं सुबाभूळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या सालीला भेगा असतात, खोबणी असतात, ओल टिकते, आणि काही जाती जुन्या सालीवरच येतात. बुडिताच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावली तरी तो संसार त्यांच्यासोबत जात नाही.

दुसरी गोष्ट बांधकामाची. धरण म्हणजे केवळ भिंत नव्हे. खाणी, खडी फोडणारे क्रशर, सिमेंटची धूळ, डंपरचे रस्ते हे सगळं त्यासोबत येतं. सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते. ती वर्षानुवर्षं खोडांवर बसली की सालीचं आम्ल-अल्क प्रमाणच बदलतं. आम्लयुक्त सालीवर राहणाऱ्या जाती निघून जातात आणि धूळ, खत, अमोनिया सोसणाऱ्या मोजक्या जाती सगळीकडे पसरतात. वरवर पाहिलं तर खोड भरलेलंच दिसतं. म्हणूनच नुसतं "शैवाक आहे की नाही" असं विचारून भागत नाही, "कोणतं आहे" हे विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट जलाशयाच्या काठाची. मोठं पाणी साठलं की काठावरची हवा बदलते, सकाळचं दव आणि धुकं बदलतं. काही जातींना ते मानवतं, काहींना नाही. त्यात गिरणा धरण काही वर्षं काठोकाठ भरतं, काही वर्षं तळ गाठतं. या चढ-उताराच्या पट्ट्यातल्या दगडांवर ना पाण्यातलं जगू शकतं, ना जमिनीवरचं. कोणत्याही धरणावर जा, पाण्याच्या कडेनं जो फिकट, उघडा पट्टा दिसतो तो हाच.

चौथी गोष्ट धरणाखालची. पूर येणं कमी होतं. नदी वर्षातले कित्येक महिने कोरडी पडते, मग आवर्तन येतं, मग पुन्हा कोरडी. पाठोपाठ वाळूचा उपसा येतो. के. जे. ग्रेगरी या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञानं १९७६ मध्ये दाखवलं की नदीकाठच्या खडकावर शैवाकं जिथं संपतात ती रेषा पाहून नदीचं पात्र किती पाणी वाहून नेतं याचा अंदाज करता येतो. पाणी वारंवार जिथवर चढतं तिथं जमिनीवरची शैवाकं टिकत नाहीत. पाणी खाली सरकलं की ती रेषाही हळूहळू खाली उतरते.

नॉर्वेत धबधब्याच्या फवाऱ्यानं ओल्या राहणाऱ्या खोडांवर आणि खडकांवर जगणाऱ्या दुर्मीळ शैवाकांच्या जाती आहेत. जलविद्युत प्रकल्पांनी धबधबे आटले की त्या जाती धोक्यात येतात, म्हणून तिथं प्रकल्पाचा विचार करताना त्यांची दखल घेतली जाते. नाण्याएवढा जीव एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे आपलं म्हणणं मांडतो, कारण कुणीतरी त्याला आधी मोजलेलं असतं.

आता आमच्या गावच्या एका खडकाची गोष्ट. गावाखाली गिरणेच्या काठाला काळ्या बेसॉल्टचा एक उभा खडक आहे. माझे आजोबा त्याच्या एका खाचेवर हात ठेवून सांगायचे, "पूर इथवर यायचा." मी तरुण शिक्षक असताना, तीस वर्षांपूर्वी, विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी त्या खाचेच्या वरून छिन्नीनं एक शैवाक पूर्णच्या पूर्ण खरवडून काढलं. तळहाताएवढं, राखाडी, काठाला काळी रेघ. नमुना सुंदर आला, मुलांना दाखवला, परीक्षा झाली. पुढच्या वर्षी पाहिलं तर तिथं छिन्नीच्या खुणांसकट उघडा डाग. त्याच्या पुढच्या वर्षीही तसाच. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम जाऊन तो डाग पाहिला. तीस वर्षांनी त्या जागी वाटाण्याएवढे तीन ठिपके उगवलेत. मी पाच मिनिटांत जे काढलं ते भरून यायला कित्येक पिढ्या लागतील. तेव्हा मी काठाचा तुकडा घेतला असता तरी पुरलं असतं. ही चूक मला आजही बोचते, आणि म्हणूनच माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातातून मी आधी छिन्नी काढून घेतो आणि भिंग देतो.

पण त्याच खडकानं मला आणखी एक गोष्ट दाखवली. आजोबांच्या खाचेच्या वर तळहाताएवढी शैवाकं आहेत. खाचेच्या खाली, जिथं पूर्वी दर पावसाळ्यात पाणी खडकाला घासून जायचं, तिथंही आता शैवाकं उतरली आहेत, पण त्यातलं सगळ्यात मोठं जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. शैवाकं वर्षाला मिलिमीटरच्या अंशानं किंवा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनं वाढतात. रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९५० च्या सुमारास याच हिशोबावर हिमनद्यांनी सोडलेल्या दगडांचं वय काढायची पद्धत मांडली. मी पट्टी घेऊन त्या खडकापुढे उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला. नदी कधीपासून आक्रसली, याची तारीख त्या ठिपक्यांच्या व्यासात लिहून ठेवलेली असू शकते. पण एका म्हाताऱ्याची एक नजर म्हणजे मोजणी नव्हे. तोच खडक, तेच ठिपके, दर वर्षी त्याच महिन्यात, वीस-पंचवीस जागी मोजले तर तो पुरावा होईल. तोवर ती माझी आठवण आहे.

हे काम आत्ताच का, असं तुम्ही विचाराल. कारण गिरणेच्या खोऱ्यात पुन्हा बांधकाम येऊ घातलं आहे. केमच्या डोंगरांच्या पलीकडच्या उतारावरून नार आणि पार नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात. त्यांचं पाणी गिरणेत आणायच्या नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली. सुरगाण्याकडच्या ओल्या डोंगरांत नवी धरणं होतील. इकडे गिरणेवर सात बलून बंधारे व्हावेत ही जुनी योजना आहे. तापीवर अमळनेर तालुक्यात पाडळसे इथं निम्न तापी प्रकल्पाचं काम १९९० च्या दशकाअखेरीपासून चालू आहे. १९६९ च्या धरणाच्या वेळी "आधी काय होतं" हे लिहून ठेवायचा कायदाच नव्हता. १९९४ च्या आणि नंतर २००६ च्या अधिसूचनेनं पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास बंधनकारक झाला. पण अशा अभ्यासात झाडांच्या, पक्ष्यांच्या, माशांच्या याद्या होतात, आणि खोडावरच्या, दगडावरच्या या मंद जीवांकडे फारसं कुणी बघत नाही. एका हंगामाच्या पाहणीत त्यांचं काही कळतही नाही. ज्याची वाढ वर्षाला एक मिलिमीटर, त्याची कहाणी तीन महिन्यांत कशी ऐकणार?

बांधकामाआधीची नोंद नसेल तर नंतरच्या नोंदीला अर्थच उरत नाही. आजाऱ्याला ताप किती हे कळायला डॉक्टरला निरोगी माणसाचं तापमान माहीत असावं लागतं. पहिली कुदळ पडायच्या आधी मोजायचं, बांधकाम चालू असताना मोजायचं, पाणी अडल्यावर मोजायचं, आणि जिथं धरणाचा काहीच संबंध नाही अशा शेजारच्या खोऱ्यातही तेवढंच मोजायचं, म्हणजे दुष्काळाचा परिणाम कोणता आणि धरणाचा कोणता हे वेगळं काढता येतं. सगळ्या शास्त्राचं सार एवढंच आहे.

आणि हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. युरोपात २०१४ साली या मोजणीचं एक सामाईक मानक ठरलं. ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. बाइंडिंगच्या तारेची एक शिडी करा. दहा सेंटिमीटर रुंद, पन्नास लांब, त्यात दहा-दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन. सरळ उभं, पुरेशा घेराचं झाड निवडा, आपल्याकडे आंबा, कडुनिंब, चिंच चालेल, पण तुलना एकाच जातीच्या झाडांची करा. जमिनीपासून एक मीटरवर ही शिडी खोडाला लावा. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही बाजूंना. प्रत्येक जात पाचपैकी किती चौकोनांत आहे ते लिहा. चार बाजूंची बेरीज करा. अशी दहा-बारा झाडं झाली की त्या जागेचा एक आकडा तयार होतो. दुसऱ्या वर्षी तीच झाडं, तीच उंची. झाडाला खिळा मारायचा नाही, जागा मोबाइलच्या नकाशावर आणि फोटोत नोंदवायची.

एक सूचना रस्त्याकडेच्या झाडांबद्दल. आपण उत्साहानं खोडांना खाली चुना आणि गेरूचे पट्टे मारतो. नेमक्या त्याच उंचीवरची शैवाकं आपल्याला मोजायची असतात. ती चुन्याखाली गुदमरून मरतात. म्हणून रंगवलेलं झाड मोजणीत घ्यायचं नाही, आणि शक्य असेल तर गावातली पाच-दहा जुनी झाडं बिनरंगाची राहू द्यायची.

ओळखायचं कसं? सुरुवातीला नावं कळली नाहीत तरी चालतं. करडं पानासारखं, पिवळसर भुकटीचं, नारिंगी चिकटलेलं, काळ्या रेघांची लिपी असलेलं अशा खुणांनी वेगळं काढा. पुढे दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. माझ्या पुडीतल्या दगडफुलाच्या पाठीवर तो थेंब टाकला की करड्याचा पिवळा होतो, कारण त्याच्या अंगात एक विशिष्ट द्रव्य असतं. हे आजच दाखवणार आहे. नमुना घ्यायचाच तर नखाएवढा, तोही काठाचा. तो वहीत दाबून ठेवत नाहीत, कागदाच्या पुडीत ठेवतात, अगदी किराणा दुकानासारख्या. पुडीवर तारीख, जागा, झाड, बाजू. नाव ठरवायला त्या पुड्या जाणकारांकडे पाठवता येतात.

या नोंदींना घरही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत आपल्या गावची पिकं, झाडं, मासे लिहिले जातात. त्यात शैवाकांसाठी चार पानं ठेवा, एवढीच माझी मागणी आहे. चणकापूरपासून पिंप्राळ्यापर्यंत नदीकाठच्या वीस शाळांनी दहा-दहा झाडं आणि एक-एक खडक दत्तक घेतला, तर पाच वर्षांत गिरणेच्या खोऱ्याची अशी वही तयार होईल जी कोणत्याही सरकारी कपाटात आज नाही.

एक प्रश्न मनात येणं स्वाभाविक आहे. माणसाला प्यायला पाणी नाही, कपाशी, केळी जळून जातात, तिथं हे दगडावरचे ठिपके कशाला? हा प्रश्न मला परका नाही. मी हंडे वाहिलेत. पण ज्या खोऱ्यात खोडावरचं शैवाक मरतं, तिथल्या हवेत धूळ आणि विषारी वायू आधीच पोहोचलेले असू शकतात आणि तीच हवा आपली मुलं घेतात. ज्या खडकावरची रेषा खाली उतरते, तिथल्या विहिरीही खाली उतरलेल्या असू शकतात. शैवाक ही चैन नाही. ते खोऱ्याचं नाडीचं ठिकाण आहे.

आणि इथं मोगरीवाला आठवतो. मोगरी लावणारा रथाचा वैरी नसतो. रथ मुक्कामी नीट पोहोचावा म्हणूनच तो चाकाशी वाकतो. धरण करणाऱ्यांनी करावं, पाणी यावं, पण चाकाखाली कोण येतंय हे सांगणारं कुणीतरी वाकलेलं हवं.

दर आषाढीला रथ याच रस्त्यानं जातो. वाट तीच, थांबे तेच. म्हणूनच तर मागच्या वर्षी कोण होतं आणि यंदा कोण नाही, हे आपल्याला कळतं. मोजणीचीही हीच रीत. गुरुजींच्या पर्जन्यमापकासारखी, काही नसेल त्या दिवशीही शून्य लिहिणारी.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी गिरणेच्या काठी त्या खडकापाशी असेन. पट्टी, भिंग आणि तारेची शिडी माझ्याकडे आहे. मुलांनी वही-पेन्सिल आणावी. पहिल्या पानावर आजोबांची खाच लिहू, मग मी काढलेला डाग, त्यातले तीन ठिपके, प्रत्येकाचा व्यास. आणि पुढच्या आषाढीला पुन्हा मोजू.